काळ्या दगडाचा जन्मदाखला

सह्याद्रीतल्या प्रत्येक ट्रेकला एक माणूस असा असतोच, जो कड्याकडे बोट दाखवून सांगतो, "हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे." बाकीचे "बाप रे" म्हणतात, पाण्याचा घोट घेतात आणि चालू लागतात. आमच्या ग्रुपमध्ये तो माणूस म्हणजे मी. आकडा खराच आहे. आता थोडा अचूक होऊन तो ६ कोटी ६० लाखांपर्यंत आलाय. पण "बाप रे"च्या पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: हे कळलं कसं? दगडावर तारीख तर कोरलेली नाही.

या प्रश्नाच्या मागे लागलो आणि उत्तर शोधत शोधत थेट आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलो. आपल्या काळ्या दगडाच्या जन्मदाखल्यावरची एक महत्त्वाची सही समुद्रातल्या, मिठाच्या कणाहूनही लहान अशा जिवाची आहे. ती सही तिथे कशी आली, त्याची ही गोष्ट.

लाव्हाला स्मरणशक्ती नसते

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर उभा आहे. जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग त्याच्यावर दुसरा थर, त्याच्यावर तिसरा. आज जे उरलंय तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि घाटमाथ्याजवळ त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार असतो, म्हणून पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून या खडकाला 'ट्रॅप' म्हणू लागले. दख्खन ट्रॅप हे नाव तिथून आलं.

खडकाचं वय सांगायची जुनी रीत म्हणजे त्यातले जीवाश्म बघणं. इथे पहिलीच अडचण येते. हजार अंशांच्या वर तापलेल्या लाव्हात कुठला जीव टिकणार? बेसॉल्ट फोडत बसलात तरी हाती काही लागणार नाही. पण दोन उद्रेकांच्या मध्ये कधी कधी बराच काळ जायचा. थिजलेल्या लाव्हावर तळी साचायची, गवत उगवायचं, गोगलगाई यायच्या. मग पुढचा लाव्हा यायचा आणि त्या तळ्यातला गाळ खाली दाबून टाकायचा. दोन थरांमधल्या या गाळात जीवाश्म सापडतात.

नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप (हो, हिस्लॉप कॉलेजवालेच) आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसरातल्या अशा थरांवर निबंध प्रसिद्ध केला. गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, फळं, बिया असं बरंच त्यांना मिळालं होतं. पुढे १८६० मध्ये हिस्लॉपनी हे सगळे थर टर्शरी काळातले ठरवले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या युगातले. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या विल्यम ब्लॅनफर्ड यांच्यासारख्यांचा कल दुसरीकडे होता: दख्खनचा लाव्हा क्रिटेशियसचा, म्हणजे डायनोसॉर अजून फिरत होते तेव्हाचा.

हा वाद किती रेंगाळला? १९३४ मध्ये वनस्पती-जीवाश्मांचे मोठे अभ्यासक बिरबल सहानी यांनी 'करंट सायन्स'मध्ये जो लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं: दख्खन ट्रॅप क्रिटेशियस की टर्शरी? त्यांनी स्वतः टर्शरीच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे हिस्लॉपनंतर सत्तरेक वर्षांनीसुद्धा प्रश्न तिथेच होता.

शिवराई आणि नया पैसा

एवढे हुशार लोक, हातात खरे जीवाश्म, तरी निकाल का लागेना? कारण सगळे जीवाश्म तारीख सांगायच्या कामाचे नसतात.

समजा, जुन्या वाड्याच्या अंगणात खणताना मातीच्या एका थरात तुम्हाला एक शिवराई सापडली. थर शिवकाळातला असेल? असू शकेल. पण त्याच थरात एक नया पैसाही निघाला, तर? नया पैसा आला १९५७ मध्ये. म्हणजे त्यात शंभर शिवराया असल्या तरी तो थर १९५७ च्या आधीचा असूच शकत नाही. जुनं नाणं नव्या थरात येऊन पडू शकतं; नवं नाणं जुन्या थरात, कुणी मागाहून उकरल्याशिवाय, जाऊ शकत नाही.

तारखेसाठी चांगलं नाणं कोणतं? जे थोडाच काळ चलनात होतं, देशभर चाललं, भरपूर पाडलं गेलं आणि बघताक्षणी ओळखू येतं. एखाद्या गावापुरतं दोनशे वर्षं चाललेलं नाणं काहीच सांगत नाही. तळ्यातल्या गोगलगाईची गत अशीच होती. ती एका खोऱ्यापुरती असते, फार हळू बदलते आणि नागपूरची गोगलगाय फ्रान्सच्या गोगलगाईशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नसतो. हिस्लॉप आणि सहानींच्या हातात गावठी नाणी होती. हवी होती जगभर चालणारी, आणि ती समुद्रात होती.

सागराची नाणी

समुद्राच्या पाण्यात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव राहतात. अभ्यासक लाडानं त्यांना 'फोरॅम' म्हणतात. एकच पेशी, पण ती स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधते. गोलसर कप्प्याला कप्पा जोडत जाते. १८२६ मध्ये फ्रान्सच्या आल्सिद दॉर्बिन्यी यांनी त्यांना नाव दिलं, तेव्हा त्यांना ते माखळीच्या कुळातले चिमुकले प्राणी वाटले होते. त्यात मुळात एकच पेशी आहे हे त्यांच्याच देशातल्या फेलिक्स द्युजार्दँ यांनी १८३५ मध्ये दाखवलं.

काही फोरॅम तळाशी राहतात, काही पृष्ठभागाजवळ तरंगतात. तरंगणारे आपल्या कामाचे. प्रवाहांबरोबर ते महासागरभर पसरतात, मेले की कवचं तळाशी बसतात आणि चमचाभर गाळात शेकड्यानं सापडतात. त्यांच्या प्रजाती भूवैज्ञानिक हिशेबानं झपाट्यानं येतात-जातात, आणि गेलेली प्रजाती पुन्हा येत नाही. चांगल्या नाण्याच्या चारही अटी पूर्ण.

याचा उपयोग कळला तो मात्र तेलामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिरत्या ड्रिलनं तेलविहिरी खणायला लागले. हा ड्रिल खडकाचा पार चुरा करून वर आणतो. त्यात शंखशिंपल्यांचे तुकडेतुकडे होतात, पण फोरॅम इतके लहान की ते अख्खे राहतात. ह्यूस्टनच्या तेल कंपन्यांत काम करणाऱ्या एस्थर ॲप्लिन यांनी १९२१ मध्ये भूवैज्ञानिकांच्या सभेत मांडलं, की या सूक्ष्मजीवाश्मांवरून खडकाचं वय सांगता येईल. एका प्राध्यापकानं भर सभेत त्यांची टर उडवली. चार वर्षांनी, १९२५ मध्ये, ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग क्निकर या तिघींनी टेक्सास आणि लुइझियानाच्या किनारपट्टीखालचे थर याच पद्धतीनं लावून दाखवले. त्यानंतर तेल कंपन्यांत सूक्ष्मजीवाश्मांच्या प्रयोगशाळा झपाट्यानं उभ्या राहिल्या.

हे काम कसं चालतं ते वाचताना मला फार मजा आली. मऊ खडकाचे तुकडे पाण्यात, लागलं तर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, भिजवायचे. गाळ सुटला की बारीक चाळणीतून धुवायचा. एका नेहमीच्या चाळणीची छिद्रं ६३ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी. उरलेलं वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचं आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलून काळ्या चौकटींच्या पट्टीवर ठेवायचं. दिवसभर. मग दुसरा नमुना.

विहिरीच्या चुऱ्यात आणखी एक गंमत असते. खणताना वरच्या भिंतीतला गाळ सुटून खाली पडतो, म्हणजे नवी नाणी जुन्या थरात मिसळतात. त्यामुळे एखादी प्रजाती खाली कुठे संपते यावर इथे भरवसा ठेवत नाहीत. वरून खाली येताना ती पहिल्यांदा कुठे दिसते ते बघतात, कारण तिथे ती नामशेष झालेली असते. खराब डेटातला कोणता भाग तरीही विश्वासाचा आहे, हे या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं होतं.

एक सेंटिमीटर माती

आता इटलीतल्या गुब्बिओला जाऊ. तिथल्या गुलाबी चुनखडीत समुद्रतळाचा लाखो वर्षांचा गाळ ओळीनं रचलाय. १९६४ मध्ये हान्सपेटर लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा यांनी तिथले फोरॅम तपासले. खालच्या थरांत क्रिटेशियसचे मोठे, नक्षीदार फोरॅम. मग सेंटिमीटरभर चिकणमाती. तिच्यावर सगळं बदललेलं: नक्षीदार मंडळी गायब, आणि उरले फक्त बारीकसारीक, साधेसुधे जीव. त्यातल्या एका नव्या प्रजातीला त्यांनी गुब्बिओच्या जुन्या लॅटिन नावावरून 'युगुबिना' म्हटलं. हा जीव जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. सर्वनाशानंतर लगेच आला, दोन-तीन लाख वर्षं राहिला आणि संपला. तारखेसाठी याहून नेमकं नाणं मिळणं अवघड.

याच मातीच्या थरात पुढे वॉल्टर आणि लुईस अल्वारेझ या बापलेकांच्या गटाला इरिडियम सापडलं आणि १९८० मध्ये त्यांनी म्हटलं, की पृथ्वीवर मोठा अशनी आदळला आणि त्यात डायनोसॉर संपले. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण कोणत्या सेंटिमीटरमध्ये शोधायचं हे आधी फोरॅमनी सांगितलं होतं, हे सहसा सांगायचं राहून जातं.

आणि इथेच दख्खनचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आता कितीतरी मोठा होऊन. १९८६ मध्ये फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेसॉल्टमधलं चुंबकत्व आणि वय तपासून म्हटलं, की हा सगळा लाव्हा फार थोड्या काळात आणि या सर्वनाशाच्या सुमाराला बाहेर पडला. मग अशनी आणि लाव्हा असे दोन संशयित झाले. लाव्हा आधी की सर्वनाश आधी? जन्मदाखल्याचा प्रश्न आता खुनाच्या तपासातला प्रश्न बनला.

जिथे लाव्हा समुद्राला भेटला

कुणी म्हणेल, गुब्बिओचं वय काढा, महाबळेश्वरचं वय काढा, ताडून बघा. पण दोन ठिकाणच्या दोन घड्याळांत काही हजार वर्षांचा फरक असणारच, आणि इथे भांडण नेमकं तेवढ्याच हजार वर्षांचं आहे. सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण रोजची असते. दोन सर्व्हरची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे नुसत्या वेळा बघून आधी काय झालं ते ठरवता येत नाही. १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका गाजलेल्या निबंधात यावर उपाय मांडला: घड्याळ सोडा, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे गेलेला निरोप बघा. निरोप पाठवणं हे तो मिळण्याच्या आधीच घडलेलं असणार. क्रम कळायला वेळ कळावीच लागते असं नाही.

दख्खनला असा निरोप हवा होता. लाव्हा आणि समुद्री जीव एकाच थप्पीत सापडतील अशी जागा. सह्याद्रीत ती नाही. इथे दोन लाव्हांच्या मध्ये लाल मातीचे पट्टे असतात, तळ्यांचा गाळ असतो, पण समुद्र नाही.

ती जागा आंध्रात, गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीला आहे. दख्खनच्या मुख्य पठारापासून शेकडो किलोमीटर दूर तिथे बेसॉल्टचे दोन थर आहेत आणि त्यांच्यामध्ये काही मीटर गाळ. रसायन आणि चुंबकत्व तपासल्यावर दिसलं, की खालचा थर आंबेनळीच्या लाव्हाशी जुळतो आणि वरचा महाबळेश्वरच्या. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही दख्खनच्या वरच्या लाव्हा-गटांची नावंच आहेत. पोलादपूरहून घाट चढताना आपण ती एकेक करून ओलांडतो. त्या काळच्या नदीखोऱ्यांतून हा लाव्हा हजार किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत गेला असावा. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब ज्ञात लाव्हाप्रवाहांत तो मोजतात.

किनाऱ्याकडे हेच थर जमिनीखाली खोल जातात आणि तिथे ओएनजीसीनं तेलासाठी विहिरी खणल्या होत्या. म्हणजे टेक्सासमध्ये घडलं तेच इथेही घडलं: तेल शोधायला आणलेल्या चुऱ्यात इतिहास वर आला. १९९३ मध्ये जयप्रकाश, सिंग आणि राजू यांनी पालकोल्लू भागातल्या विहिरींमधल्या फोरॅमवरून लाव्हा आणि क्रिटेशियसची अखेर यांचं नातं मांडलं. पुढे २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर, थिएरी आदात, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी राजमहेंद्रीच्या दगडखाणींतला, दोन लाव्हांमधला तो गाळ तपासला. खालच्या लाव्हाच्या वर बसलेल्या गाळात त्यांना सर्वनाशानंतर लगेचचे फोरॅम मिळाले. गुब्बिओचा युगुबिना त्यांत होता.

हा आपला निरोप. खालच्या लाव्हाच्या खाली क्रिटेशियसच्या अखेरचा समुद्री गाळ, वर युगुबिनाचा गाळ. हिस्लॉप आणि ब्लॅनफर्ड यांच्यातला वाद एका अर्थानं दोघांच्या मधोमध मिटला: दख्खनचा लाव्हा युगाच्या उंबरठ्यावरच वाहिला. थोडा अलीकडे, थोडा पलीकडे.

अजून संपलेलं नाही

केलर यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या मते लाव्हाचा मुख्य टप्पा सर्वनाशाच्या सीमेवर किंवा तिच्या अगदी जवळ संपला, आणि २०११ मध्ये ओएनजीसीच्या विहिरींवरून त्यांनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी म्हटलं, की लाव्हाच्या महाप्रवाहांमधल्या गाळात फोरॅमच्या प्रजाती कमी होत गेलेल्या दिसतात. म्हणजे खुनी लाव्हाच. बरेच शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. त्यांच्या लेखी मुख्य आरोपी अशनीच आहे.

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. एका गटानं सह्याद्रीतल्या लाल पट्ट्यांत अडकलेल्या ज्वालामुखी राखेतले झिर्कॉन स्फटिक वेचून त्यांचं वय काढलं आणि म्हटलं, की लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला, त्यातला एक सर्वनाशाच्या काही दहा हजार वर्षं आधी. दुसऱ्या गटानं बेसॉल्टमधल्या स्फटिकांतला आर्गॉन मोजला आणि म्हटलं, की सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा सर्वनाशानंतरचा आहे. दोन्ही कामं जबरदस्त, आणि तरी उत्तरं वेगळी.

मला यात फोरॅमची जागा जास्तच स्पष्ट दिसते. ते आकडा देत नाहीत. युगुबिनाला विचारलं, की तू किती कोटी वर्षांपूर्वीचा, तर त्याच्याकडे उत्तर नाही. तो फक्त एवढंच सांगतो: हा लाव्हा माझ्या आधीचा. त्यालाही मर्यादा आहे. लाव्हा थिजल्यावर त्यावर गाळ साचायला किती काळ गेला हे तो सांगू शकत नाही, आणि सगळं भांडण त्या न मोजलेल्या फटीत शिरलंय. पण जे सांगतो त्यात कमी-जास्तचं चिन्ह नाही. प्रयोगशाळेतला आकडा उद्या चार हजार वर्षांनी सरकेल, सरकतोच. वरचा थर खालच्याच्या नंतर बसला, हे सरकत नाही. म्हणून जो कोणी दख्खनचं नवं वेळापत्रक मांडेल, त्याला राजमहेंद्रीच्या खालच्या लाव्हाची वेळ त्यावरच्या गाळातल्या युगुबिनाच्या आधीचीच ठेवावी लागेल.

दख्खनचा पसारा मोजायला उपग्रह लागतो. तो कोणत्या युगातला हे ठरवायला लागला राजमहेंद्रीच्या खाणीतला काही मीटर गाळ, एक चाळणी, ओला कुंचला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकून दिवसेंदिवस कवचं मोजणारी माणसं. त्या दोन लाव्हांमधल्या फटीत नेमकी किती वर्षं आहेत, ते मात्र अजून कुणालाच मोजता आलेलं नाही.